पाठमोरा हॉलीहॉक

हॉलीहॉक खालून वर वाचावा लागतो, आणि एका बैठकीत तो वाचून होत नाही. बुडाकडच्या कळ्या आधी उमलतात, मग त्यांच्या वरच्या, मग त्यांच्याही वरच्या. बहर सुरू होऊन तीनेक आठवडे झाले की दांड्याच्या तळाशी हिरवी फळं धरलेली असतात, मध्यावर फुलं असतात आणि शेंड्याला मिटलेल्या कळ्यांची दाटी. मागचा महिना, आजचा दिवस आणि येणारा महिना एकाच काठीवर, एकावर एक. या झाडाचं मर्म मला या मांडणीत दिसतं. रंग सुंदर आहेत, पण ते दुय्यम.

बियांच्या पाकिटावर मात्र नेमका रंगच छापलेला असतो. एकच फूल, समोरून घेतलेलं, गुलाबी किंवा गर्द लाल. पाकीटवाल्यांना कशाला दोष द्यायचा, भल्याभल्यांनी हॉलीहॉक असाच पाहिला आहे. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ हिने १९३५ साली मेंढ्याच्या कवटीशेजारी पांढरं हॉलीहॉक रंगवलं. टेकड्यांच्या वर, ढगाळ आभाळात तरंगणारं एकटं फूल. दांडा नाही, पान नाही. चित्र थोर आहे, पण त्या जागी दुसरं कुठलंही रुंद पाकळ्यांचं फूल चाललं असतं. वास्तुकार फ्रँक लॉइड राइट अधिक नेमका वाचक निघाला. लॉस एंजेलिसला १९१९ ते १९२१ या काळात ॲलिन बार्न्सडॉल या बाईंसाठी त्याने घर बांधलं, ते हॉलीहॉक हाऊस म्हणूनच ओळखलं जातं. फूल बाईंच्या आवडीचं होतं. भिंतींच्या माथ्यावर, खांबांवर, जेवणघरातल्या खुर्च्यांच्या पाठीवर त्याने हॉलीहॉक उतरवला, आणि उतरवताना पाकळ्या जवळजवळ गाळून टाकल्या. ठेवला तो उभा दांडा आणि त्यावर चढत गेलेले भौमितिक गड्डे. फूल वगळूनही झाड ओळखू येतं, कारण क्रम शाबूत आहे.

मुंबईच्या उपनगरांत हा मजकूर संक्षिप्त आवृत्तीत मिळतो. हॉलीहॉक मुळात सवडीने जगणारं झाड. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर, मग हिवाळा, आणि त्या थंडीची खूण पटली की दुसऱ्या वर्षी दांडा. आपल्याकडे मधला हिवाळाच गळालेला. सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीतलं सरासरी किमान तापमान सतरा अंशांच्या आसपास असतं. तिथला आजवरचा नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा. पण अशा एखाद्या रात्रीच्या भरवशावर झाडाने दोन वर्षांचा संसार मांडावा कसा? म्हणून अंधेरी-बोरिवलीत किंवा मुलुंड-घाटकोपरात लावायचे ते पहिल्याच हंगामात फुलणारे वाण. ‘इंडियन स्प्रिंग’, ‘मॅजोरेट’, ‘समर कार्निव्हल’ अशा नावांनी ते मिळतात. ऑक्टोबरात बी टाकलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये फूल. पहिल्या वर्षाची सगळी पानं झाड तीन-चार महिन्यांत उरकतं. दिल्लीच्या बंगल्यांतल्या पुरुषभर उंच हॉलीहॉकशी तुलना केली तर आपला जरा घाईत सांगितल्यासारखा वाटतो, हे कबूल. पण संक्षेपाचा एक फायदा असतो: रचनेचे सांधे उघडे दिसतात.

बी चपटं, तपकिरी, मसुरीच्या डाळीहून थोडं मोठं आणि कडेला कागदासारखी पातळ झालर असलेलं. खरं तर ते नुसतं बी नसतं. तो फळाचा एक कप्पा असतो आणि त्याच्या पोटात एक बी. रात्रभर पाण्यात भिजवून अर्ध्या सेंटीमीटरभर मातीखाली ठेवलं की आठवड्या-दोन आठवड्यांत अंकुर येतो. पहिली दोन दलं गुळगुळीत, लांब देठांची, बदामाच्या आकाराकडे झुकलेली. पुढचं पान गोल, कडेला किंचित मुडपलेलं. त्यापुढच्या पानाला कोपरे फुटतात, आणि मग दर पानागणिक कोपरे अधिक खोल होत पाच-सात बोटांचा पंजा तयार होतो. आकार एकदम दिलेला नाही. तो पानापानाने ठरत जातो. मूळ गाजरासारखं सरळ खाली घुसणारं असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. बी थेट मोठ्या, निदान फूटभर खोल कुंडीत टाकावं. लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड आणि तळाला पाणी निथळायला वाट. याहून जास्त लाड नकोत.

पानांचा घेर बघायला कोणी येत नाही. पान खरखरीत असतं, भिंगाखाली त्यावर चांदणीच्या आकाराची लव दिसते. तोडलं तर देठाला बुळबुळीत चीक येतो, तो स्वयंपाकघरात हात घालणाऱ्या कुणालाही ओळखीचा. जास्वंद, अंबाडी, कापूस, समुद्राकाठचा परसपिंपळ आणि भेंडी ही सगळी एकाच कुळातली मंडळी. अलीकडच्या वर्गीकरणात काटेसावरही याच घरात आली आहे. युनानी वैद्यकात याच गोतावळ्यातलं खतमीचं बी खोकल्याच्या जोशांद्यात पडतं ते त्या बुळबुळीत गुणासाठीच. आमच्या समोरच्या इमारतीतल्या बेन डिसेंबरभर विचारत होत्या, “भाभी, भेंडी क्यारे देशे?” मी म्हटलं, “फुलं येतील, बेन, भेंडी नाही.” त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुंडी फुकट गेली.

मग दांडा उठतो. इथे कारागिरी पाहावी ती पानांची. तळाचं पान तळहाताहून मोठं, वीतभर देठावर. वर जावं तसा देठ आखडतो, पंजा लहान होतो, बोटं पाचावरून तीनावर येतात, आणि शेंड्याजवळ पान म्हणावं असं काही उरतच नाही, कळीच्या बगलेत एक हिरवी जीभ तेवढी राहते. आणि पान जसजसं बोलणं कमी करतं तसतशी कळी पुढे येते. दोघांत जागेवरून भांडण नाही. एकाने कुठे संपावं आणि दुसऱ्याने कुठे सुरू व्हावं ते दिसूच नये, असा तो उतार आहे. गुलछडीच्या दांड्यावरही फुलं खालून वर उमलतात. तिथे मात्र पानं बुडाशीच थांबतात आणि पुढे दांडा एकटा जातो. हॉलीहॉकने पानाला शेवटपर्यंत सोबत नेलं आहे.

आता उपनगरी वाचकाची खास गोष्ट. मुंबई एकोणीस अंश अक्षांशावर. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन ग्रिलमधून आत शिरतं, पार दिवाणखान्याच्या लाद्यांपर्यंत. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य डोक्यावर येतो आणि तीच गॅलरी वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या सावलीत जाते. म्हणजे हॉलीहॉकला ज्या महिन्यांत ऊन हवं, नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या दक्षिणमुखी घरांना ते मिळतं. हा योग फुकटचा आहे, पण त्याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. उजेड एकाच बाजूने. झाड बाहेर झुकतं, काठी आणि सुतळी लावली तरी फुलं बाहेरच तोंड करतात. रस्त्याला, समोरच्या इमारतीला, पिंपळावरच्या कावळ्यांना दर्शन मिळतं आणि घरच्या माणसाला पाठ.

सुरुवातीला हे खटकतं. कुंडी फिरवून पाहावी तर चार-सहा दिवसांत नव्या कळ्या पुन्हा बाहेर. पण मला हळूहळू वाटायला लागलं की हॉलीहॉकची खरी संहिता पाठीमागेच लिहिलेली आहे. समोरून फूल म्हणजे रंगाची एक सपाट वाटी. मागून पाहिलं की आधी दिसतात सहा-सात हिरव्या पाकळ्यांचं बाहेरचं कोंदण, त्याच्या आत पाच जाड लोकरी संदलं, आणि त्यांच्या फटींतून बाहेर पडणारा रंग. कळीला दोन कोट कशाला, असा प्रश्न समोरून पाहणाऱ्याला पडतच नाही, कारण त्याला ते दिसत नाहीत. फेब्रुवारीतल्या सकाळी दहाच्या सुमारास ऊन पलीकडून येतं तेव्हा पाकळी काचेसारखी पारदर्शक होते. पाकळीतल्या शिरा तळापासून पंख्यासारख्या पसरत कडेला फाटे फोडतात, आणि कड चुरगळलेल्या क्रेप कापडासारखी का दिसते याचं उत्तर तिथे मिळतं: शिरांमधला भाग शिरांपेक्षा जास्त वाढतो.

पाठीमागूनच दिसतो तो पीळ. कळी उमलण्याआधी पाच पाकळ्या एकमेकींच्या कडेवर कडा ठेवून गुंडाळलेल्या असतात. प्रत्येकीची एक कड वर, दुसरी खाली. काही फुलांत हा पीळ डावीकडे, काहींत उजवीकडे, आणि एकाच दांड्यावर दोन्ही सापडतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले टी. ए. डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात नारळाच्या डाव्या-उजव्या झाडांबरोबर या कुळातल्या फुलांचा डावा-उजवा पीळही मोजून ठेवला. अशा मोजणीत आयुष्य घालवणाऱ्या माणसाबद्दल मला प्रेम वाटतं. मोजणी नको असेल त्याने निदान एका कळीजवळ सकाळी उभं राहून पीळ सुटताना पाहावा. पाकळ्या एकामागून एक उघडत नाहीत, पाचही एकदम अर्ध्या वळशाने सैल होतात. आणि दोनेक दिवसांनी फूल मिटतं ते पुन्हा गुंडाळी होऊन. गळतानाही पाकळ्या सुट्या पडत नाहीत. मधल्या पुंकेसरांच्या खांबाशी त्या बुडाला जोडलेल्या असतात, म्हणून सगळं फूल खांबासकट एकदम ओघळतं. आलेल्या वाटेनेच परत जाणं हे फुलांच्या जगात दुर्मीळ सौजन्य आहे. गुलाबाचा पसारा ज्यांनी झाडला आहे त्यांना ते कळेल.

पाकळ्यांच्या बुडाशी पाच फटी असतात, पाठीवरून प्रकाश आला की त्या उजळतात. त्या रिकाम्या नाहीत. मध पाकळीत नसतो. तो संदलाच्या आतल्या अंगाला, सूक्ष्म लवेतून पाझरतो, आणि त्या फटींतूनच तिथवर पोचता येतं. फटीच्या तोंडाशी केसांची झुपकेदार जाळी. मधमाशी वाटीत उतरते, खांबाला घासून परागाने पांढरी होते, खाली डोकं घालून एकेका फटीची हजेरी घेते आणि निघते. पराग मात्र तिला नीट नेता येत नाही. हॉलीहॉकचा परागकण आकाराने मोठा आणि चहूबाजूंनी काटेरी. मधमाश्यांना तो मागच्या पायाच्या टोपलीत दाबून बसवणं अवघड जातं, म्हणून तो अंगाला चिकटून पुढच्या फुलावर पोचतो. झाडाला तेच हवं असतं. आणि पुढच्या फुलावर त्याची वाट पाहणारं कुणीतरी हवं, याचीही सोय क्रमातच आहे. फूल पहिल्या दिवशी फक्त पराग देतं. खांबाच्या टोकातून वीस-तीस-चाळीस फिकट तंतूंचा कुंचला नंतर बाहेर येतो आणि मग ते पराग घेतं. दांड्यावर खालची फुलं वरच्यांहून एक पाऊल पुढे, म्हणून खालची घेणारी आणि वरची देणारी. खालून वर चढत जाणाऱ्या माशीच्या वाटेवर ही दोन पात्रं आलटून पालटून नाहीत, ओळीने उभी आहेत.

या सगळ्याचा नाश करायचा असेल तर दुहेरी फुलांचं पाकीट आणावं. दुहेरी हॉलीहॉकमध्ये पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात. खांब जातो, फटी झाकल्या जातात, माशी वरवर भुणभुणून परत फिरते. इंग्लंडात सॅफ्रन वॉल्डनच्या विल्यम चेटरने एकोणिसाव्या शतकात असे दुहेरी वाण निवडून नावारूपाला आणले आणि ‘चेटर्स डबल’ आजही विकलं जातं. मला ती फुलं कागदी वाटतात. चवीचा प्रश्न आहे म्हणून सोडून देता आलं असतं, पण नुसती चव नाही. वाक्यातली क्रियापदं काढून विशेषणांची रास घालावी, तसं काहीतरी तिथे झालेलं असतं. एकेरी फूलच घ्यावं.

दोष मूळ रचनेतही आहे, तो नाकारून चालणार नाही. झाड वर उमलत जातं तेव्हा खालून जीर्ण होत जातं. तांबेरा हा त्याचा जुना शत्रू. १८५२ साली चिलीतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं, १८७३ मध्ये तो इंग्लंडात पोचला आणि तिथल्या हॉलीहॉकच्या बागांची दाणादाण उडाली. पानाच्या खालच्या अंगाला नारिंगी-तपकिरी पुळ्या दिसल्या की पान तोडून पिशवीत बांधून टाकावं आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी घालावं. आपल्याकडे मार्चच्या कोरड्या दुपारी लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण यांचा ताप अधिक. तेव्हा दांड्याचा खालचा तिसरा हिस्सा बोडका होतो. बंगल्याच्या बागेत पुढे ठेंगणी झाडं लावून हे पाय झाकतात. गॅलरीत ते काम ग्रिल करतं, आणि बरंच करतं.

हॉलीहॉक आपला नव्हे, पण त्याची रचना आपल्याकडे अनोळखी नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गणपतीच्या आगेमागे कान्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्याने चालावं. कडेच्या गवतातून रानभेंडी डोकं वर काढून उभी असते: माणसाच्या छातीइतकी, काटेरी लवेची, आणि शेंड्याकडे मोठमोठी फिकट पिवळी फुलं, घशात गडद किरमिजी डाग. कूळ तेच, पाकळ्यांचा पीळ तोच, मधला खांब तोच, खालून वर जाणारा क्रमही तोच. पण छंद वेगळा. कुंचल्याच्या जागी गडद रंगाची पाचच टोकं. दोन कोटांपैकी आतला इतका पातळ की फूल उमलताना तो एका बाजूने फाटतो आणि फुलाबरोबरच गळून जातो. फूल एका दिवसाचं. पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीत सगळं उरकायचं असल्यामुळे रानभेंडीला शोभेला वेळ नाही, आणि कदाचित म्हणूनच ती मला कमी बोलून जास्त सांगणारी वाटते. उद्यानातून तिचं बी, फूल, फांदी काहीही उचलायचं नाही, कायदाच आहे. पण ज्याने फेब्रुवारीत गॅलरीतला हॉलीहॉक नीट पाहिला त्याला सप्टेंबरातली ही भेंडी चालता चालता वाचता येते, आणि उलटही.

फळात मात्र दोघं चुलत भावंडंसुद्धा वाटणार नाहीत. रानभेंडीचं बोंड पाच धारांचं, राठ केसांचं, वाळलं की पाच फाकांनी उकलणारं. हॉलीहॉकचं फळ म्हणजे चकती. कुंचल्यात जितके तंतू होते तितके कप्पे, नाण्यांसारखे उभे, गोलाकार रचून ठेवलेले, आणि वरून तो लोकरी पाच संदलांचा कोट पुन्हा मिटलेला. फुलात निरुपयोगी वाटलेल्या दुसऱ्या कोटाचा अर्थ इथे लागतो. हिरवेपणी चकती दाबून बसलेली असते. वाळून पेंढ्याच्या रंगावर आली की अंगठ्याने ढकलताच कप्पे सुटे होतात.

एप्रिलच्या मध्यापर्यंत मुंबईचा हॉलीहॉक दमतो. शेंड्याच्या आठ-दहा कळ्या तशाच हिरव्या राहतात आणि टोकाकडून सुकत येतात. पुण्या-नाशिकच्या थंड बागेत त्या कदाचित उमलल्या असत्या. मी त्या खुडत नाही. संपूर्ण कविता छापायला जागा पुरली नाही म्हणून उरलेल्या ओळींच्या जागी टिंबं दिली, तर तीही मजकुराचाच भाग होतात.

बी धरायचं ते तळाच्या चकत्यांचं. त्यांना सर्वांत जास्त दिवस मिळालेले असतात आणि ऊन कडक होण्याआधी त्या भरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत बी मऊ पडून बुरशी येते, म्हणून मे महिन्यातच सावलीत खडखडीत वाळवून, कागदी पुडीत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. रंग जसाच्या तसा उतरेल याची हमी नाही, माश्यांनी काय मिसळलं ते त्यांनाच ठाऊक. समोरच्या बेनना त्यातल्या एका गुलाबीचं बी हवं होतं, ज्याच्या पोटात पिवळा तारा आहे त्याचं. मला कुठलं ते सांगता येईना. माझ्याकडून सगळी गुलाबी फुलं पाठीने सारखीच. त्यांनी आपल्या गॅलरीतून बोट दाखवून सांगितलं, “ग्रिलच्या दुसऱ्या आडव्या पट्टीच्या वर, पाइपाकडचं.” मी त्या फळाला लाल दोरा बांधला.